कावेरीअक्काची सुई

मित्रांनो, मी विणकामाची एक जुनी, पोलादी सुई आहे. माझी जोडीदारीण हरवली आणि स्वेटर विणणं थांबलं. पण बंगळूरच्या एका गल्लीसाठी मी जे केलं, ते स्वेटरच्या सुयांना कधी जमलं नसतं.

माझी मालकीण कावेरीअक्का सरकारी कचेरीत होती. भोकं पाडलेल्या कार्डांवरून यंत्र माणसं मोजतं, हे तिनं तिथं पाहिलं होतं. साल एकसष्ट. आमच्या नळाला पाणी यायचं सकाळी दहाला. तेव्हा अक्का कचेरीत, गल्लीच्या खालच्या झोपड्यांतली कृष्णाबाई गिरणीत. पाणी भरायला घरी कोणी हवं, म्हणून कृष्णाबाई आपल्या मुलीला, गंगव्वाला, शाळेतून काढणार होती.

निदान शंभर घरांनी मागितलं तर वेळ बदलू, असं पाणीखात्यानं सांगितलं. अक्कानं जुन्या लग्नपत्रिका एका मापात कापल्या, कडेला भोकं पाडली. एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायकांनी घरटी एक पत्रिका घेतली. पहाटे पाणी हवं असेल, तर त्या प्रश्नाचं भोक कात्रीनं कडेपर्यंत उघडायचं. मग सगळ्या चळतीच्या त्याच भोकातून मला आरपार घालून हलवायचं. उघडलेल्या पत्रिका खाली पडत, बाकीच्या माझ्यावर लटकून राहत.

देवळाच्या ओट्यावर ढीग पडला, तेव्हा गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष उमाकांतराव खूश झाले.

"छान. आता खालच्या झोपड्या वेगळ्या काढ. त्यांच्याबरोबर आपलं नाव नको."

"त्याला भोक नाही, अण्णा."

"विसरलीस?"

"नाही. पाडलंच नाही."

"मग आता पाड. स्वल्प काम आहे."

"राहू दे, अक्का," कृष्णाबाई म्हणाली. "आमच्यापायी तुमचं पाणी कशाला अडवता?"

अक्कानं आवाज चढवला नाही. "आज माझा सोमवार आहे अण्णा. असलं काम मी मंगळवारीही करणार नाही."

"मग अर्जावर मंडळाची, माझी सही मिळायची नाही."

"सरी, ठीक आहे. सहीवाचून जाऊ."

दुसऱ्या दिवशी दोघीच पाणीखात्यात गेल्या. कारकून हसला, "विणकाम आणलंत का बाई?"

"हो. जरा चळत धरता का?"

त्याच्याच टेबलावर पत्रिका पडल्या. शंभराच्या वर भरल्या, त्या खालची घरं धरली म्हणून. पुढच्या महिन्यात पाणी पहाटे येऊ लागलं आणि गंगव्वाचं नाव शाळेतच राहिलं.

आता मला गंज चढलाय. माणसं मोजणारी, निवडणारी खोलीएवढी यंत्रं येणार म्हणतात. येऊ देत. मित्रांनो, ती तुम्ही चालवाल. 'अमक्यांना वेगळं काढा' असं सांगणारा कोणीतरी तेव्हाही ओट्यावर बसलेला असेल. मला तेल लावून जपलं नाहीत तरी चालेल. पण त्याच्यासाठी भोक पाडू नका.