तक्रारपेटी रिकामी होती तेव्हा

मी तक्रारपेटी बोलतेय. भिंतीवरची, कुलूपवाली नव्हे. इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये माझा मुक्काम. ‘तुमच्याकडून आम्हाला कचरा मेल येतोय’ असं जगातल्या कुणालाही सांगायचं असेल, तर त्याने मला लिहायचं.

पण जन्मापासून मी रिकामीच. मालक पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचे, “बघा, एक तक्रार नाही! याला म्हणतात कारभार.” मीही फुशारून जायचे.

एके सकाळी आमचे एक ग्राहक, शिंपीकाका, धापा टाकत ऑफिसात आले. दूरच्या इस्पितळाने त्यांच्या नातीच्या डोळ्यांचे रिपोर्ट मेलने मागवले होते. ते पाहूनच ऑपरेशनची तारीख मिळणार होती, आणि काकांचा मेल सारखा परत येत होता.

“ताई, उशीर झाला तर पोरीची नजर जाईल हो.”

इंजिनिअर ताईने शोध घेतला आणि तिचा चेहराच उतरला. आमच्या एका ग्राहकाच्या मशीनमधून, म्हणजे कॉम्प्युटरमधून, एवढा कचरा मेल बाहेर जात होता, की इस्पितळासकट कितीतरी जणांनी आमच्या मेलला दार लावलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळत होतं.

“मग तक्रार कशी नाही आली?” मालक म्हणाले.

ताईने कपाळावर हात मारला. कचरा अडवणारी चाळणी तिने माझ्याही दाराशी बसवली होती! तक्रार करणारा पुरावा म्हणून तोच कचरा मेल जोडतो. चाळणीला तो दिसला की अख्खी तक्रार बाहेरच अडकायची.

तिने चाळणी काढली आणि अडकलेलं सगळं माझ्यात ओतलं. बाप रे! कुठकुठली माणसं, ना ओळख ना देख, महिनोन्महिने लिहीत होती. ‘तुमच्या एका ग्राहकाच्या मशीनमध्ये काहीतरी शिरलंय. जरा पाहाल का?’ उत्तर नाही, तरी पुन्हा लिहिलेलं, तितक्याच सभ्यपणे. एवढं अफाट जाळं, पण त्याला ना राजा ना फौजदार. ‘आपापलं अंगण आपण झाडू’ एवढ्या शब्दावर ते चालतं! मी थक्क झाले. मला भरूनच आलं.

“त्या ग्राहकाच्या अख्ख्या गल्लीचं इंटरनेटच बंद कर,” मालक तापले.

“कशाला? त्या एका मशीनचा मेल थांबवते. आणि फोन करते.”

मशीन निघालं दातांच्या डॉक्टरांचं. “माझ्याकडून? अहो, मला साधा मेल पाठवायला कंपाउंडर लागतो!” मग ताईने स्वतः जाऊन त्यांचं मशीन साफ केलं. ज्यांनी ज्यांनी दार लावलं होतं, त्यांना काय झालं आणि काय केलं ते सरळ लिहून कळवलं.

दुपारी इस्पितळाचं दार उघडलं. काकांचे रिपोर्ट गेले. उत्तर आलं, ‘मुलीला घेऊन या.’ काकांनी ते ताईकडून तीनदा वाचून घेतलं.

आता मी रोज भरते. ताई चहाचा कप घेऊन आधी मला उघडते आणि प्रत्येकाला उत्तर देते. मालक मात्र पाहुण्यांना मला दाखवत नाहीत.

इंटरनेटची जाळी चालवणाऱ्यांनो, तुमचीही पेटी रिकामी असेल तर एवढ्यात पेढे वाटू नका. आधी तिच्या दाराशी कोण बसलंय ते बघा.

काल एक मेल आला. तक्रार नव्हती. काकांना ताईने दिलेला आमचा एवढाच पत्ता ठाऊक, म्हणून नातीने इथेच लिहिलं: ‘ताई, हे मी स्वतः वाचून लिहितेय.’

ताईने तो अजून माझ्यातून काढलेला नाही.