प्रयागबाईचा अंगठा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना चाकू आहे. पण मला कांदे चिरणाऱ्यांच्या पंगतीत बसवू नका. मी संत्र्याची कलमं बांधणारा चाकू आहे. नागपूरच्या गांधीबागेजवळच्या एका लोहाराने करवतीच्या तुटक्या पात्यातून मला घडवलं आणि मी प्रयागबाईच्या हाती आलो. शहराजवळच्या गावात तिची थोडी शेती आणि रोपवाटिका होती.

जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाच्या सालीला मी चीर द्यायचो, संत्र्याच्या फांदीवरचा कोंबाचा डोळा अलगद काढायचो. माझी धार अंगठ्यावर टेकवून प्रयागबाई तो डोळा उचलायची आणि चिरेत बसवायची. तिचं कलम सहसा वाया जात नसे. शहरातल्या प्रताप नगरातले बंगलेवालेसुद्धा रोपं न्यायला तिच्याकडे येत. मी आपला फुशारून जायचो. दर डोळ्यागणिक मी तिचा अंगठा झिजवतोय, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग कोरोना आला. लॉकडाऊनमध्ये गिऱ्हाईक बंद झालं आणि ऐन उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. कोवळी कलमं माना टाकू लागली. मोटर दुरुस्त करायला घरात दमडी नव्हती. तेवढ्यात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यात मदतीच्या हप्त्याचे पैसे टाकले, आणि प्रयागबाईचा जीव भांड्यात पडला. मला कमरेच्या पिशवीत ठेवून ती सुनेला, काजलला, घेऊन निघाली. अंगठा लावून खात्यातले पैसे काढायची बँकेची मशीन गावातल्या मिनलकडे असे.

अंगठा ठेवला. जुळला नाही. मग दहाही बोटं लावून झाली; मातीकामाने तीही झिजलेली.

"मावशी, बोटावर रेषाच नाही राहिल्या," मिनल म्हणाली.

"अवं, मी प्रयागबाईच आहो ना. तू तं मले लहानपणापासून ओळखते."

"मले ओळख आहे, मशीनले नाही. आधारचं केंद्र बंद आहे, अन् शहरातल्या बँकेत जायले गाडी नाही. मी तरी काय करू?"

प्रयागबाईला वाटलं, अंगठा मळला असेल. लिंबाची फोड आणि चुलीतली राख घेऊन ती तो रोज खसाखसा घासू लागली. उरल्यासुरल्या रेषाही गेल्या. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

शेवटी मिनलनेच घरी येऊन सांगितलं, "हाताले आराम द्या, तेल लावा. रेषा परत येतीन."

"मंग विहिरीतून पाणी कोण ओढन?"

एकटी काजल दोर ओढत राहिली. तिच्याच्याने किती होणार? वाफ्यामागून वाफा सुकत गेला, आणि प्रयागबाई अंगठ्याला तेलाची चिंधी बांधून ओट्यावरून बघत बसली. तिला रडायलाही येईना. मी पिशवीत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

अखेर अंगठा जुळला. मोटर दुरुस्त झाली, वाफ्यांत पाणी आलं. पण तोवर संत्र्याचे डोळे काळे पडले होते. काही रोपांना मात्र खालून जंबेरी फुटली. चिवटच ती. थंडीपर्यंत तिच्या फांद्या कलम बांधण्याजोग्या झाल्या.

प्रयागबाईने मला बाहेर काढलं, तशी काजल आडवी आली.

"आई, नका धरू तो चाकू. अंगठा पुन्हा जाईन. पुढचा हप्ता कसा निघन?"

"अंगठा जपू का कलमा जपू वं? अंगठ्याले काही संत्री लागत नाही." आणि तिने माझी धार त्याच अंगठ्यावर टेकवली.

मित्रांनो, काम झालं की चाकू पुसावा, तेल लावून ठेवावा, एवढंच सांगून मी थांबलो असतो. पण उद्या तुमच्यापैकी कुणी अशा मशीनमागे बसेल. मशीन नाही म्हणाली म्हणून माणसाला माघारी पाठवू नका. त्याच्यासाठी दुसरी एखादी वाट आधीच करून ठेवा. प्रयागबाईचा अंगठा आता पुन्हा गुळगुळीत झाला आहे.