तिसऱ्या गल्लीतलं शून्य

तिसऱ्या गल्लीत अळ्याच नाहीत, हे मला पहिल्यापासून पटत नव्हतं.

आमचं काम साधं. घरोघर जायचं, पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, सगळीकडे टॉर्च मारायचा. डासांच्या अळ्या दिसल्या की भांडं पालथं करायचं आणि वर दोन शब्द सुनावायचे. दारामागे एक कार्ड चिकटवलेलं असतं. त्यावर तारीख, अळ्या सापडलेल्या भांड्यांचा आकडा आणि सही. माझ्या गल्लीत दर चार-पाच घरांमागे एखादा आकडा असतोच. तिसऱ्या गल्लीत मात्र दोन महिने ओळीनं शून्य. सह्या मास्तरांच्या.

मास्तर आमच्यातले सगळ्यात जुने. सव्वीस वर्षं हेच काम, निवृत्तीला चार महिने. शिकवायची हौस, म्हणून मास्तर. मलाही त्यांनीच शिकवलं. चाळिशीत मी या कामाला लागले तेव्हा अळी म्हणजे कोबीतली, एवढंच मला ठाऊक होतं. "पाण्याकडे नाही बघायचं, ताई," ते म्हणाले होते. "टॉर्च मारायचा आणि थांबायचं. उजेड पडला की त्या खाली पळतात. ते पळणं बघायचं."

त्याच माणसावर आता मी पाळत ठेवून होते.

कारण टेलरची बायको. राहणारी तिसऱ्या गल्लीत. डेंग्यू, चार दिवस दवाखान्यात, प्लेटलेट उतरत चाललेल्या. शेजारच्या घरात आणखी दोघं तापानं पडलेली. ऑफिसातल्या मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, "तिसऱ्या गल्लीत काय चाललंय?" मास्तर म्हणाले, "गल्ली स्वच्छ आहे, मॅडम." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मी घातली नाही, पण बोललेही नाही. मॅडम म्हणाल्या, कुणाला काही माहीत असेल तर शनिवारपर्यंत लेखी द्या.

माझ्या मनातली पाल नुसती चुकचुकत नव्हती, तिनं तिथं बिऱ्हाडच केलं होतं. दारातूनच सही ठोकत असतील. नोटीस नको म्हणून लोक जावयासारखं बसवून चहा पाजत असतील. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तुझा तर भाजीवाल्याच्या काट्यावरही संशय असतो."

"आणि काटा कितीदा खोटा निघाला?"

त्यावर त्यानं पेपर उघडला.

शुक्रवारी मी अर्ज लिहिला. 'मास्तर न बघता सही करतात.' एवढंच. शनिवारी सकाळी तो पर्समध्ये घातला, पण द्यायच्या आधी एकदा खात्री करावी म्हणून मास्तरांच्या मागं तिसऱ्या गल्लीत गेले.

पहिल्या घरात चहा नाही, गप्पा नाहीत. मास्तर गुडघे टेकून पिंपाशी बसले, टॉर्च लावला आणि बघत राहिले. मी बाहेरून मनात साठपर्यंत मोजलं, तरी ते बघतच होते. मग उठले आणि कार्डावर शून्य लिहिलं. ते पुढे गेल्यावर मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत शिरले आणि त्याच पिंपात टॉर्च मारला. अळ्यांची नुसती पळापळ.

आता तर मी आणखीच बुचकळ्यात पडले. न बघणारा माणूस समजतो. पण एवढं निरखून बघायचं आणि वर खोटं लिहायचं? हे कुणाला दाखवायला? घरातली म्हातारी तर पाठ फिरवून लसूण सोलत होती.

टेलरच्या घरी मी त्यांना गाठलंच. टेलर दवाखान्यात होता, दार त्याच्या आईनं उघडलेलं. मोरीतल्या पिंपातलं पाणी मी पांढऱ्या वाडग्यात घेतलं. वाडग्यात पंधरा-वीस तरी वळवळत होत्या. वाडगा मी त्यांच्या नाकासमोर धरला.

"मास्तर, बघा बरं."

त्यांनी टॉर्च मारला. थांबले. त्यांच्याच शिकवणीप्रमाणे मीही थांबले.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

माझ्या आवाजात काहीतरी असावं. त्यांनी वाडगा डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत जवळ नेला. मग हळूच बोट पाण्यात घातलं आणि तसंच ठेवलं. त्यांचा चेहरा बदलला.

"आहेत का गं?"

"आहेत."

ते मोरीच्या कट्ट्यावर बसले. "दोन महिने एक अळी दिसली नाही मला. वाटलं, लोक सुधारले."

"सव्वीस वर्षांत सुधारले नाहीत, ते या दोन महिन्यांत?"

"मलाही तेच नवल वाटत होतं." मग म्हणाले, "सकाळी धुकं असतं डोळ्यांपुढे. मला वाटलं, टॉर्चचे सेल उतरले. तीनदा बदलले."

टेलरची आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली आणि काथ्याची घासणी आणून मास्तरांसमोर ठेवली.

आम्ही पिंप रिकामं केलं. मास्तरांनी आतून घासायला घेतलं. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांची बोटं कडेवरून फिरत होती, जिथं खरखर लागेल तिथं घासणी जात होती. त्या कामात मात्र त्यांचं काही चुकत नव्हतं.

हात पुसता पुसता ते म्हणाले, "आल्यापासून पर्स घट्ट धरून आहेस. लिहून आणलंयस ना? वाच."

मी अर्ज काढला आणि वाचला.

"खोटं आहे हे," ते म्हणाले. "मी रोज बघतो. कळत नाही तरी बघतो."

"दुसरा लिहिते."

"नको. मॅडमना मीच सांगतो. तू फक्त टेलरच्या कार्डावर आकडा टाक. माझ्या सहीच्या खाली, म्हणजे कोणाचं काय ते कळेल."

मी तारीख घातली, आकडा टाकला, सही केली. टेलरच्या आईनं कार्ड वाचलं, खालून वरपर्यंत, शून्य न् शून्य. मग मास्तरांना म्हणाली, "सुनेसाठी काल सहा बाटल्या रक्ताची जुळवाजुळव करावी लागली." आवाज वाढवला नाही. मास्तर चप्पल शोधत होते, ती त्यांच्या पायाशीच होती. मी सरकवून दिली.

ऑफिसच्या जिन्यापाशी मी त्यांचा दंड धरला.

"सोड," ते म्हणाले. "चौदा पायऱ्या आहेत. पाठ आहेत मला."

माझा विश्वास बसला नाही. मी दंड धरूनच वर गेले आणि मनात मोजत होते. पंधरा निघाल्या.