कडुबाला सांगून गेलो होतो

मोजा अंगठ्याला अडकून लोंबत होता — पिवळा, त्यावर अस्वल की कुत्रं असलं काहीतरी — आणि एसीच्या झोतात इतका हलके डोलत होता, की आता पडेल, मग पडेल, असं मनाशी म्हणत पुंडलिक मघापासून मान वळवून त्याच्याकडेच बघत होता. पडला तर उचलता येणार नव्हता. उजवा हात दोन वर्षांपूर्वीच्या झटक्यानंतर नुसता मांडीवर ठेवण्यापुरता उरला होता, आलेल्या पाहुण्यासारखा. आणि डावा पुढच्या सीटवरून मागे पोचत नव्हता. मागे, लहान मुलांच्या त्या खुर्चीत, पट्ट्यांनी बांधलेला नातू झोपला होता. ऋतुराज. दहा महिन्यांचा. दोन रात्री तापाने फणफणून आत्ता कुठे त्याच्या कपाळावर घाम आला होता, ओठ दूध पीत असल्यासारखे हलत होते.

"दहा मिनिटं, आबा," सून म्हणाली होती. औरंगपुऱ्यात गाडी लावायला जागा मिळाली याचाच तिला इतका आनंद, की ती हसतच उतरली. "वर डॉक्टरांना रिपोर्ट दाखवते न येते. तिथं नुसती पोरं खोकत बसलेली असतात, याला नाही नेत. गाडी चालूच ठेवते, नाहीतर उकडून निघंल पोरगं. म्हणून चावी इथंच राहू द्या, अन् काय बी झालं तरी खाली उतरू नका."

"मी कुठं जातोय, अपेक्षा?"

"आणि कुणाला गोष्ट सांगत बसू नका!"

हे तिने दार लावताना म्हटलं, गमतीने. सगळे गमतीनेच म्हणतात. लासूर स्टेशनपासून चितेगावपर्यंत — चितेगावात मुलगा गोकुळ कंपनीत आहे, त्याचे मित्रही घरी आले की आधी आबांची खुर्ची मध्ये ओढतात — पुंडलिक ड्रायव्हरची गोष्ट म्हणजे काय ते ठाऊक असतं. खुलताबादचा घाट मी रिव्हर्स गिअरमध्ये चढलो, कारण पुढचे चारही गिअर मालकाच्या सासऱ्याने उसने नेले होते. यात खोटं काय? घाट खरा आहे, सासरा तर होताच होता... माणसं हसतात. हसणाऱ्या माणसाला खरं-खोटं विचारायची उसंत नसते, हे पुंडलिकला फार लवकर कळलं होतं. फारच लवकर.

सहा मिनिटं झाली आणि कळ आली.

निघताना दोनदा जाऊन आला होता. पण डॉक्टर म्हणाले तसं, प्रोस्टेटची ती गाठ आता मालक झाली आहे, आपण भाडेकरू. उन्हाळा संपला की ऑपरेशन. कोपऱ्यावर मुतारी होती, काचेतून दिसत होती — चाळीस पावलं. पूर्वीची चाळीस, आताची ऐंशी धर. जायचं, उरकायचं, यायचं. चार मिनिटं. पोरगं झोपलेलं. चार मिनिटांत काय होतं?

चालू गाडी, आत चावी, आत पोर. कुणीही दार उघडून बसेल आणि निघेल. बरं, बंद केली तर? एसी बंद. बाहेर एप्रिलची बारा वाजताची उन्हं, समोरच्या दुकानाचं शटर नुसतं बघितलं तरी डोळ्याला चटका. बंद गाडी किती वेळात तापते हे बाकी कुणाला अंदाजाने सांगावं लागत असेल. त्याला नाही.

त्याला नाही... आणि तरी मन म्हणालंच, काच दोन बोटं खाली ठेवून जा.

दोन बोटं. पुंडलिकने डोळे मिटले.

तेव्हाही दोन बोटं होती का? तो अनेकदा म्हणाला होता दोन बोटं, पुढे चार म्हणाला, मग वीत. सांगता सांगता काच खाली खाली येत गेली. आज तो स्वतः आठवायला बसला तर त्या पांढऱ्या अँबॅसिडरची ती काच त्याला पूर्ण उघडी दिसायची, आतून त्याची लेक रूपा हात हलवायची, दीड वर्षाची, हातात कांद्याची पात. पात कुठून आली? पात गोष्टीतून आली. खरं फक्त एवढं, की काच बंद होती की नव्हती, हे मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. मी घाईत होतो.

बायको, पारूबाई, तेव्हा सरकारी दवाखान्यात, गोकुळ दोन दिवसांचा. रूपाला सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून त्याने तिला गाडीतून घेतलं होतं, मालकाला लासूरच्या कांदा मार्केटात सोडायचं होतं, तास-दोन तास. मालक लिलावात गेला. रूपा मागच्या सीटवर झोपली. असाच घाम... नाही, घाम नंतर. पुंडलिक चहा प्यायला उतरला. नुसता चहा. पाच मिनिटं.

टपरीवर दहा-बारा माणसं होती. हमाल, शेतकरी, एक तलाठी. कुणीतरी म्हणालं, "पुंडलिकभाऊ, ते पैठणच्या धरणातल्या माशाचं काय झालं?"

काय होणार? माशाने एसटी गिळली होती. माणसांसकट. आणि कंडक्टर आत, माशाच्या पोटात, टॉर्च लावून तिकिटं फाडत होता, पुढं सरका, पुढं सरका. तलाठ्याच्या नाकातून चहा आला. मग एका म्हातारीने माशाच्या शेपटीचं तिकीट अर्धं मागितलं. मग मासा वळणावर हॉर्न द्यायला लागला... अहाहा, काय हसली होती माणसं! इतकं त्याच्या गोष्टीला कधी कुणी हसलं नव्हतं, नंतरही नाही. दर वेळी हसणं ओसरायला आलं की त्याला गाडीची आठवण व्हायची, आणि दर वेळी त्याच्या तोंडात आणखी एक वाक्य तयार असायचं.

पाऊण तास.

काचेवर टकटक झाली. पुंडलिकने डोळे उघडले. बाहेर छत्रीखाली रुमाल-गॉगल विकणारा माणूस वाकून बघत होता, दाढी मेंदीने लाल. पुंडलिकने डाव्या हाताने बटण दाबून काच थोडी खाली केली. गरम हवा तोंडावर आली.

"क्या चाचा, उतरनेका है क्या? कबसे देखरूं, बैठे बैठे नाचरे तुम."

"नाही, नाही."

"हौ, मालूम है. मेरे अब्बा को बी येच था." त्याने मुतारीकडे मान उडवली. "जाके आओ. मैं देखतूं ना बच्चे को. येइच खडा हूं, गाडी को टेक लगाके."

"नको, बाबा. सून येईल आता."

"बच्चा कौन ले जाता, चाचा? मेरे घर में पाच हैं, कोई एक बी नै ले जारा!"

पुंडलिकला हसू आलं, आणि हसल्यामुळे खालून कळ अशी उठली की त्याने दात आवळले. माणूस भला होता. डोळे सरळ. असा माणूस उभा राहतो म्हणाला की उभा राहतो, गिऱ्हाईक सोडून उभा राहतो. हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. लक्ष ठेव रे बाबा, आलोच.

आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की हे असं, माणूस समोर असताना, काचेतून तोंड बाहेर काढून, लक्ष ठेव म्हणणं — हे त्याने आयुष्यात कधी केलेलं नाही. सांगितलं मात्र चाळीस वर्षं.

त्या दिवशी गाडीभोवती माणसं जमली होती, मालक कपाळाला हात लावून उभा, कुणीतरी रूपाच्या तोंडावर पाणी मारत होतं, उगाच, आता उगाच. आणि फौजदाराने विचारलं, पोरीला एकटी टाकून गेलास? पुंडलिकला आजही कळत नाही ते वाक्य कोण बोललं. त्याच्या तोंडातूनच आलं, एवढं खरं. "एकटी नाही. कडुबाला सांगून गेलो होतो."

कडुबा हमाल. शेजारच्या गाड्याखाली पोत्यावर झोपलेला, डोळे चोळत उठून गर्दीत आलेला. त्याचं नाव आलं कारण तो समोर दिसला. दुसरं काही कारण नाही. दुसरा कुणी दिसला असता तर दुसऱ्याचं.

"नाय वो भाऊ," कडुबा म्हणाला होता. "मला कव्हा म्हणलं तुम्ही?"

पण पुंडलिक सांगायला लागला होता. आणि पुंडलिक सांगायला लागला की... कडुबा कांदा दाताने फोडत होता. मी म्हटलं, कडुबा, पोरगी झोपलीय, चहा घेऊन आलो. तो म्हणाला, व्हय भाऊ, जा निवांत. एक डोळा बारीक करून म्हणाला, ऊन होतं ना. दवाखान्यात पारूबाईला हेच सांगितलं, तिच्या भावांना, गावाला, पुन्हा पुन्हा. दर वेळी कांदा अधिक कांदा झाला, ऊन अधिक ऊन. पहिल्या आठवड्यात कडुबा नाही म्हणायचा, पंधरवड्याने म्हणायला लागला, असंल बी, मी झोपेत व्हतो. आणि दीड महिन्याने एका सकाळी तो दारात आला, पागोटं काढलं आणि पारूबाईच्या पायाशी खाली बसला. "वहिनी, भाऊ सांगून गेलते. मी व्हय म्हणलो. मग माझा डोळा लागला."

त्याला आठवत होतं! एक डोळा बारीक केलेला, कांदा, सगळं. इतकं चांगलं सांगितलं होतं मी.

पारूबाईने त्याला पाणीही विचारलं नाही. पुढे कधीच नाही. आणि पुंडलिक चौकटीला टेकून उभा होता, आणि त्याला — हे तो कुणालाही सांगू शकणार नव्हता — त्याला त्या क्षणी हलकं वाटलं होतं. कडुबाने नंतर मार्केट सोडलं, लोकांच्या लेकरांजवळ उभा राहीना, स्वतःची नातवंडंही त्याने म्हणे कधी कडेवर घेतली नाहीत. पारूबाई तीन वर्षांपूर्वी गेली, त्या विश्वासातच गेली. तिच्या तेराव्याला कडुबा आला तेव्हा मंडपात शिरला नाही. बाहेर चपलांपाशी बसून राहिला, आणि पुंडलिक आत पंगतीत कुणाला तरी माशाची गोष्ट सांगत होता. तीच. तीसुद्धा सोडली नाही.

"चाचा?" रुमालवाला म्हणाला. "जारे क्या?"

"नाही," पुंडलिक म्हणाला. "मी इथंच बसतो."

"मर्जी तुमारी." तो आपल्या छत्रीकडे वळला.

पुंडलिकने काच वर केली. मान वळवली. मोजा केव्हाच पडला होता. उघडं पाऊल, पाचही बोटं, श्वासाबरोबर किंचित वर, किंचित खाली. त्याने त्या पावलावर नजर ठेवली. कळ आता कळ राहिली नव्हती. त्याने मांड्या आवळल्या, विठ्ठलाचं नाव घेतलं, फौजदाराचं घेतलं, सतरापर्यंत मोजलं — आणि मग ते झालं. ऊबदार, आधी थोडं, मग थांबवता न येणारं. बाहेर औरंगपुरा वाहत होता, रिक्षा, दुचाक्या, काळ्या पिशव्या. कुणाचंही लक्ष नव्हतं. बहात्तर वर्षांचा माणूस. पण त्याने नजर हलवली नाही. पाऊल वर, पाऊल खाली.

अपेक्षा आली ती घामाघूम आणि खुशीत. "टायफॉइड नाही, आबा! दाताचाच ताप. डॉक्टर म्हणाले—" आणि थांबली. वास आला असणार. तिने सीटकडे बघितलं, त्याच्या धोतराकडे बघितलं, मग पटकन समोर, काचेबाहेर. खाली पाण्याची बाटली पडलेली होती, झाकण लावलेली.

"पाणी सांडलं का, आबा?" ती हळू म्हणाली.

केवढी चांगली पोर! गोष्ट तयार करून हातात ठेवली होती तिने. त्याने फक्त हुंकार भरायचा, मग बाटलीचं झाकण कसं ढिलं, कंपन्या कशा फसवतात, तिला हसवायचं, घर येईपर्यंत दोघांनी ते खरं मानायचं.

"नाही," तो म्हणाला. "पाणी नाही."

"असू द्या. होतं." तिने मागून ऋतुराजचं पांघरूण ओढून त्याच्या मांडीवर टाकलं. "उतरून जायचं ना तिथं कोपऱ्यावर. याला काय धाड भरली होती दोन मिनिटांत?"

गाडी निघाली. गल्लीतून बाहेर पडली.

"अपेक्षा, तो कडुबा..."

"कोण कडुबा? लासूरचे? आईंच्या तेराव्याला बाहेर बसले होते ते?" तिने आवाज खाली आणला. "रूपाताईंचं ज्यांच्यामुळं झालं..."

तिलाही ठाऊक होतं. तिच्या लग्नाच्या आधी तीस वर्षं, ती जन्मलीही नसताना घडलेलं. आणि तिलाही कांद्यासकट ठाऊक असणार. उद्या या मागच्यालाही.

"हं," तो म्हणाला. "त्याचं सांगायचंय."

"सांगा ना." आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते आलं, जे सगळ्यांच्या येतं, आबा सांगायला लागले की: थोडं हसू, आधीच तयार. तिचा दोष नव्हता. ते त्यानेच तिथे ठेवलं होतं. आता त्याने काहीही सांगितलं तरी ते ऐकणार ते हसूच. आबांची आणखी एक. आणि तो उत्तम सांगेल, ही तर त्याला खात्रीच होती. पहिलं वाक्य आत्ताच जिभेवर येऊन बसलं होतं, घोटीव, बरोबर जागी थांबणारं, पुढचं त्याच्या मागे... त्याने ते गिळलं. दुसरं आलं. तेही छान होतं. तेही गिळलं.

"आबा?"

लासूर इथून तासाभराचा रस्ता. कडुबा अजून आहे म्हणतात, ऐकू कमी येतं. मोठ्याने सांगावं लागेल.

सिग्नल लागला. मागे ऋतुराज कुरकुरला आणि पुन्हा झोपला. मांडीखालचं सगळं आता गार पडलं होतं. पुंडलिक शब्द शोधत होता — अडखळणारे, कुणालाही आवडू नयेत असे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला एखादी गोष्ट वाईट सांगायची होती, आणि ते त्याला येत नव्हतं.