टाचणीची परीक्षा

शिडीवरून पडून यांचा मज्जारज्जू दुखावला, तेव्हापासून कमरेखाली काही म्हणजे काही कळत नाही. रंगारी माणूस, शिडीवर गाणी म्हणत आयुष्य काढलं. आता पायाला चटका बसला तरी ओरडायचं मी.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. "मज्जातंतू परत वाढायला तयार असतात हो. पण जखमेच्या जागी काही प्रथिनं ठाण मांडून बसतात आणि त्यांना 'थांब' म्हणतात. हे औषध त्या प्रथिनांचं तोंड बंद करतं. रोज पाठीवर चोळा. हातमोजे घालूनच, बरं का!"

"घालते की," मी म्हटलं आणि घातले नाहीत. मी शिंपीण. बोटांना कळल्याशिवाय मी साधं अस्तर कापत नाही, तिथे नवऱ्याची पाठ रबरातून चोळू?

चोळून झालं की परीक्षा. हे डोळे मिटायचे, मी पावलाला टाचणी लावायची.

"टोचली?"

"आधी टोच तरी."

"केव्हाच टोचली, अहो."

मग दोघंही हसायचो. ते हसणं पुढे पुढे आटत गेलं.

एका सकाळी टाचणी माझ्याच अंगठ्यात घुसली. चादरीवर रक्ताचा थेंब पडला, तेव्हा समजलं. दुखलं मात्र नाही.

"आई गं!" हे ओरडले. "टोचली! अगं, टोचली!"

"कुठे?"

"अंगठ्यात. हाताच्या." मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पण हा माझा नाही गं. याला कात्रीचा घट्टा आहे."

डॉक्टरीणबाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"उघड्या हातांनी चोळलंत? अहो, ती प्रथिनं उगाच नसतात. तंतूंनी भलतीकडे शिरू नये म्हणून असतात. आजपासून औषध बंद."

"बंद केलं तर?"

"वाढलेलं सुकेल. दोघांचंही."

मी मशीनपाशी जाऊन बसले. पावलं फरशीवर होती, पण फरशी कशी आहे ते मला सांगता आलं नसतं. आतून यांचा आवाज आला, लहान मुलासारखा.

"फरशी किती गार आहे गं! पाय हलवू नकोस, राहू दे तसेच."

अपघातानंतर हे असे कधी बोलले नव्हते. मला भीती वाटत होती आणि रडू येत होतं, आनंदानेच.

मी खणातून हातमोजे काढले, पाहिले, परत ठेवले. मग बाटली उघडली आणि यांना पालथं केलं.

चोळून झाल्यावर हे म्हणाले, "आज बाहेर जरा चालून ये ना. अनवाणी."

"जाते," मी म्हटलं आणि भिंत धरून उठले.