पुठ्ठ्याच्या घराचं दार

विलास साळसकरनं छपराची शेवटची पट्टी बोटानं दाबून धरली, डिंक धरल्याची खात्री केली आणि मग बायकोला हाक मारली. सुहासिनी ओले हात पुसत आली. टेबलावर पुठ्ठ्याचं वीतभर कौलारू घर होतं. पुढं लांब ओटी, मागं पडवी. नंदाखालच्या तुस्कानोसाहेबांकडून रिक्षात मांडीवर ठेवून त्यानं ते आणलं, तेव्हा त्याच्या छपराच्या दोन उतारांचा एकमेकांशी मेळ नव्हता आणि पुढचं दार चौकटीत तिरकं बसलेलं होतं. आता सगळं ओळंब्यात होतं.

“छान दिसतंय,” सुहासिनी म्हणाली. “पण तुस्कानोसाहेबांना विचारलंत का?”

“त्यात काय विचारायचं? खूश होतील ते.”

विलास रेल्वेच्या कचेरीत पुलांचे आराखडे काढायचा आणि घरी आला की पुन्हा रेल्वेच करायचा. विरारच्या मनवेलपाड्यातल्या त्याच्या दोन खोल्यांपैकी एकीचा निम्मा भाग प्लायवूडच्या फळीनं अडवला होता. तिच्यावर रूळ, सिग्नल, फाटक, आणि खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्या. सुरुवातीला तो परदेशी बनावटीच्या प्लॅस्टिकच्या इमारती आणून जोडायचा. त्यामुळे फलाटावरच्या पाटीवर ‘विरार’ असायचं आणि मागची घरं बर्फाच्या देशातली, उभ्या छपरांची. विरारला बर्फ पडला की मला उठवा, असं सुहासिनी तेव्हा म्हणायची.

मग एका नाताळात तुस्कानोसाहेबांनी घरी बोलावलं. फर्डिनंड तुस्कानो त्याच्याच कचेरीत हिशेब खात्यात होते, वयानं बरेच मोठे. त्यांच्या ओटीवर येशूजन्माचा गोठा मांडलेला होता. त्यामागं गोणपाटाचा डोंगर, आणि डोंगरावर नंदाखालची त्यांची सगळी आळी, घरामागून घर, पुठ्ठ्यात केलेली. विहिरीवरचा रहाट होता, कुडाची न्हाणी होती, एका घराच्या ओटीवर झोपाळा होता. विलास बघायला गुडघ्यांवर बसला तो उठेचना. शेवटी उर्सुलावहिनींनी येऊन विचारलं, गुडघा धरला का म्हणून.

घरी येऊन त्यानं बर्फाची घरं खोक्यात भरली. खोकी येतात त्या नळीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की खाली कौलं मिळतात, आणि नारळाच्या झावळीचे हीर वाशांच्या कामी येतात, हे साहेबांनी त्याला शिकवलं. रंगाला गेरू. पुढं त्याच्या ओळखीची छंदिष्ट मंडळी, बोरिवलीपासून पालघरपर्यंतची, दर नाताळात नंदाखालला जाऊ लागली. कुणी तिथली ओटी बघून आपलं पार्सल ऑफिस केलं, कुणी न्हाणी बघून सिग्नलची केबिन. ह्या सगळ्यांच्या रेल्वेत कुठं ना कुठं तुस्कानोसाहेबांची आळी होती.

त्या वर्षी मंडळींनी वसईतल्या एका शाळेच्या सभागृहात प्रदर्शन ठरवलं. डोंगरावरचं सर्वांत वरचं घर आपल्या स्टेशनामागं ठेवायचं विलासच्या मनात आलं. जानेवारीत तीन राजांचा सण झाला, गोठा आवरला गेला, तेव्हा त्यानं ते मागितलं. साहेबांनी ते मऊ फडक्यात गुंडाळून दिलं. जपून ने, एवढंच म्हणाले.

जपूनच नेलं होतं. सवयीप्रमाणे आधी त्यानं व्हर्नियरनं घराचं इंचन् इंच मोजलं, आलेखाच्या कागदावर चारी बाजू उतरवल्या, आणि तिथंच त्याला चुका दिसायला लागल्या. एका उताराची कौलं दुसऱ्याहून रुंद होती. दार खाली कमी रुंद, वर जास्त. साहेबांचं वय झालं, नजर उतरली, असं त्यानं मनाशी ठरवलं. छप्पर उचकटलं, दार काढलं, सगळं प्रमाणात नवं करून बसवलं. आपण त्यांची सेवा करतोय असंच त्याला वाटत होतं. जुने तुकडे केराच्या डब्यात गेले, आणि डबा सकाळी झाडूवाल्याकडे.

पुढच्या रविवारी तो आमंत्रण द्यायला नंदाखालला गेला. साहेब बाजारात गेले होते. उर्सुलावहिनी ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. वहिनींनी घराची चौकशी केली, जसं सासरी गेलेल्या लेकीची करतात तशी. विलास म्हणाला, मजेत आहे.

“आमच्या ह्यांनी तुला सांगितलंय का त्या घराचं?” वहिनींनी विचारलं. “नसेल सांगितलं. ते बोलायचे नाहीत.”

मग त्यांनीच सांगितलं. ह्या आळीत गोठ्याचं घर कुणी दुसऱ्यानं करायचं नाही, ज्याचं त्यानं करायचं. ज्याला जसं येईल तसं. तुस्कानोसाहेब नुसते तुकडे जुळवून द्यायचे. आणि दार लावायचं ते त्या घरातल्या सर्वांत जुन्या माणसानं. ते डोंगरावरचं घर म्हणजे तुस्कानोंचं मूळ घर. वाटणीत ते पाडलं गेलं, दोन भावांचे दोन बंगले झाले, मध्ये भिंत आली. त्या नाताळात सासूबाई हटून बसल्या की आपलं घर गोठ्यात दिसलं पाहिजे. भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तेव्हा सकाळी धाकटे बस्त्याव येऊन आपल्या बाजूचं रुंद कौलांचं छप्पर करून गेले आणि संध्याकाळी ह्यांनी दुसरी बाजू केली. मधल्या वेळात म्हातारी ते मांडीवर घेऊन बसायची. दोघांनीही शेजारच्या उताराकडे बघून काम केलं नाही, मग छप्पर जुळणार कसं?

“आणि दार सासूबाईंनी लावलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. काडेपेटीचं लाकूड ब्लेडनं कापलं, अंगठा कापून घेतला. तुमचा तो बाटलीतला डिंक नको म्हणाल्या, भाताची खळ करायला लावली मला. पुढचा इस्टर काही बघितला नाही त्यांनी.”

विलासच्या हातात सोललेला वाल होता. तो कधी उचलला ते त्याला आठवेना.

वहिनी पुढं सांगत होत्या. त्यानंतर दोघा भावांत बोलणं असं नव्हतंच. पण परवा ह्यांनी प्रदर्शनाचं कळवायला म्हणून मला भिंतीपलीकडे पाठवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आणि बस्त्याव म्हणाले, माझी बाजू अजून शाबूत आहे का ते बघायला येतो.

ह्याच वेळी बोलायला हवं होतं. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं, आणि त्यानं पाणी मागितलं.

घरी आला तो तडक खाली गेला. कचऱ्याचा कोपरा कधीच धुतला गेला होता. मग तो आलेखाचा कागद समोर घेऊन बसला. त्यात सगळं होतं. प्रत्येक कौलाची रुंदी, दाराचे चारी कोन, खालच्या फटीची उंची. आपण किती नीट मोजलं होतं ह्याची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली.

त्यानं आपलं नवं छप्पर काढलं. काडेपेटी आणली.

“आता हे वाकडं कशाला करताय?” सुहासिनीनं विचारलं. त्यानं सांगितलं.

“मग जाऊन सांगा ना त्यांना.”

“काय सांगू? तुमच्या आईनं मरायच्या आधी केलेलं दार मी केरात टाकलं, असं?”

“हो,” ती म्हणाली. “तेच.”

थोड्या वेळानं त्यानं तिला भाताची खळ करून मागितली. तिनं ती करून आणली, वाटी टेबलावर ठेवली आणि त्याच्याकडे न बघता आत गेली.

त्याच्या हाताला वाकडं कापता येईना. आयुष्यभराची सवय, पातं आपोआप सरळ जायचं. शेवटी त्यानं म्हाताऱ्या बाईचा तिरकेपणा गुण्या लावून, टोकदार पेन्सिलीनं आखून घेतला आणि मग त्या रेषेवर कापलं. चहाच्या पाण्यानं लाकूड जुनं केलं. बस्त्यावांचा उतार रुंद कौलांचा केला, साहेबांचा अरुंद. पाख्यांवर चुलीच्या धुराची झाक हवी म्हणून काजळी फुंकली. पुरं झाल्यावर कागदाशी ताडून पाहिलं, कुठंही केसाचा फरक नव्हता. इतकं नेमकं काम त्यानं आजवर केलं नव्हतं. टेबलावरून उठून त्यानं साबणानं हात धुतले, आणि परत येऊन बसल्यावर पुन्हा जाऊन धुतले.

प्रदर्शनाच्या दिवशी दोघे भाऊ आले. एका रिक्षानं नाही, पण आगेमागेच. बस्त्याव आधी लांब उभे राहिले, विलासच्या गाडीला दोन फेऱ्या मारू दिल्या. मग घराशी वाकले आणि छपरावर बोट ठेवून काही तरी बोलले. घरच्या बोलीत बोलले, विलासला ती अर्धीमुर्धीच कळायची. एवढं कळलं की हा उतार मी केलाय हे आंधळ्यालाही कळेल, असं काहीसं होतं. तुस्कानोसाहेबांनी उलट काही तरी सुनावलं. मग ते दोघेही हसले. पांढऱ्या केसांची दोन माणसं, शाळेच्या बाकांमध्ये उभी. उर्सुलावहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बस्त्यावांनी दाराला बोटाचं टोक लावलं. मग कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रुसाची खूण केली. विलास रुळांचा खटका तपासायला खाली वाकला. खटका बरोबर होता. तो तपासतच राहिला.

जाताना साहेबांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तुझे उपकार झाले, म्हणाले. बाजूला उभ्या असलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

घर परत द्यायच्या रविवारी तो मिस्सा सुटायच्या वेळी चर्चबाहेर जाऊन उभा राहिला. साहेब आले तसा चालता चालताच त्यानं सगळं सांगितलं. मोजमाप, केर, कागद, खळ, काहीही न वगळता. केळीच्या एका वाडीच्या बांधावर साहेब बसले. विलास घर हातात घेऊन समोर उभा राहिला.

“दार कचऱ्यात गेलं?”

“हो.”

“आणि छप्पर?”

“तेही. दोन्ही बाजू.”

साहेबांनी घर मागितलं नाही. बराच वेळ ते चपलेनं माती सारखी करत राहिले.

“बस्त्यावला बोललास?”

“नाही. म्हटलं, आधी तुम्हाला.”

“काल रात्री जेवायला आला होता तो. पोराबाळांना घेऊन. भिंतीला फाटक पाडू या म्हणतो.” ते थांबले. “आता मी काय करू, विलास?”

विलासनं घराखाली दुसराही हात लावला.

“कन्फेशन आम्ही फादरजवळ करतो. तो ऐकतो आणि विसरतो. मी कसा विसरू? सांगून तू मोकळा झालास.”

“मोकळा नाही झालो, साहेब.”

“मग कशाला सांगितलंस?”

शेजारून सायकलवरून कुणी गेलं, साहेबांना हात करून. साहेबांनीही हात केला. मग ते उठले आणि त्यांनी घर त्याच्या हातातून घेतलं. खालून धरून, जपून.

“त्याला कळता कामा नये,” ते म्हणाले. “खोटं एकट्या तुझं होतं तोवर ठीक होतं. आता ते माझंही झालं.”

त्यानंतर वर्षभर विलास नंदाखालला फिरकला नाही. टेबलावर बसायचा, पण हातून काही होत नव्हतं. नाताळ आला तशी मंडळी त्याला घ्यायला आली. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, म्हणून तो गेला.

मधल्या भिंतीत आता फाटक होतं. बस्त्यावांची नातवंडं त्यातून ये-जा करत होती. ओटीवर गोठा होता, मागं डोंगर, आणि सर्वांत वर ते घर. मंडळी कोंडाळं करून उभी राहिली. त्यात दोघे-तिघे नवे होते, त्यांनी हे सगळं पहिल्यांदाच बघितलं होतं. तुस्कानोसाहेब एकेक घर कुणाचं ते सांगत वर सरकत गेले.

“हे आमचं,” ते म्हणाले. “ही बाजू ह्याची, ही माझी. आणि हे दार आमच्या आईनं लावलं.”

आवाज नेहमीचाच होता. बस्त्याव शेजारी उभे राहून मान डोलावत होते. साहेबांनी विलासकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी त्यांना मान थोडी वळवावी लागली, तेवढीच विलासला दिसली.

नव्यांपैकी एकजण कॅमेरा घेऊन दारापाशी वाकला होता. फोटो काढून तो सरळ झाला आणि विलासला म्हणाला, “काय आहे ना साळसकर, आपण कितीही मोजमाप केलं तरी हे असलं आपल्याला जमायचं नाही.”

“नाही,” विलास म्हणाला.

उर्सुलावहिनी करंज्यांचं ताट घेऊन फिरत होत्या. साहेबांनी एक उचलली आणि पाहुण्यांना पुढच्या घराची गोष्ट सांगायला लागले.