कोरी करकरीत पुस्तकं

मी एक जुनी लोखंडी अलमारी आहे, मित्रांनो. सोनाळ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे मी उभी असते. गंजाचं मला काही वाटत नाही. शिसारी येते ती माझ्या कुलपाची.

खामगावच्या एका कारखान्यात मला घडवलं, हिरवा रंग दिला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इथे आणलं. तेव्हाच्या मुख्याध्यापिका पुष्पांजलीबाई दर शनिवारी माझी दारं सताड उघडत. मुलं पुस्तकं घेऊन कडुलिंबाखाली बसत आणि पानांवर भाजीचे डाग पाडत. मला ते डाग फार आवडायचे.

बाईंची बदली झाली आणि अनंत सर आले. एका तपासणीत साहेबांनी फाटक्या पानावरून त्यांना चारचौघांत झापलं, त्या दिवसापासून मला कुलूप लागलं. पुस्तक फाटायला नको, मळायला नको, म्हणजे वाचायलाच नको! महिनाअखेरीस सर वाचनाच्या वहीत मुलांची नावं स्वतःच लिहीत आणि पुढे ‘आवडले’ असं ठोकून देत. मी मागे उभी राहून सगळं बघायची.

गेल्या वर्षी कोकिळाबाईंची पाच पुस्तकं आली. सोनाळ्याच्या या बाई आयुष्यभर अंगणवाडीत राबल्या आणि निवृत्त झाल्यावर इथल्या मुलांच्या गोष्टी इथल्याच बोलीत लिहू लागल्या. तालुक्यातल्या शाळांना त्यांच्या पुस्तकांची शिफारस करावी का, हे आमच्या शाळेच्या अभिप्रायावर ठरणार होतं. महिनाभर मुलांना वाचायला द्या आणि त्यांचं मत कळवा, असं निवड समितीचं पत्र होतं.

गठ्ठा जांभळ्या नाडीने बांधलेला होता. सरांनी तो तसाच माझ्या खालच्या खणात कोंबला. शेवटच्या दिवशी त्यांनी आदल्या वर्षीच्या कुठल्याशा पुस्तकाचा अभिप्राय काढला, नावं बदलली आणि जसाच्या तसा उतरवला. अक्षर मात्र सुरेख होतं. थू!

पुढे एकदा कोकिळाबाई स्वतःच शाळेत आल्या. हातात त्या अभिप्रायाची प्रत होती. मुलं दारात गोळा झाली.

“सर, तुमी लिवलं, समुद्राचं वर्णन चांगलं हाये, पण भाषा पोराईले परकी वाटते. माह्या पुस्तकात समुद्र कुठी हाये?”

सर गडबडले. “कामाच्या घाईत चूक झाली असेल, बाई. पुस्तकं मात्र आम्ही अगदी कोरी करकरीत ठेवलीत.” आणि मला उघडून त्यांनी तो गठ्ठा चक्क अभिमानाने टेबलावर ठेवला.

बाईंनी नाडीवरून हात फिरवला. “हे गाठ मीच मारली होती,” त्या हळूच म्हणाल्या. “तशीच हाये.”

मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी गाठ सोडली आणि एक पान मोठ्याने वाचलं. चौथीतली छकुली खुदकन हसली. सरांनी डोळे वटारले, तरी ती बोललीच, “सर, यातली माय त माह्या मायसारखीच बोलते. हे तुमाले परकं वाटते काय?”

समितीची शिफारशीची यादी या पुस्तकांशिवाय कधीच निघाली होती. आता तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत ही पुस्तकं जाणार नव्हती. तरी सवयीने सरांनी ती परत आत ठेवायला हात पुढे केला. बाईंनी पाचही पुस्तकं छकुलीच्या हातात दिली आणि नाडी सरांसमोर ठेवली.

“हे ठेवा अलमारीत. जपून ठेवा, मळली नाही पाह्यजे.”

मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या अलमारीला कुलूप दिसलं, तर किल्ली मागा. पुस्तकं न्या आणि खुशाल थोडी मळवून आणा. माझं म्हणाल, तर सरांनी ती नाडी खरंच घडी घालून माझ्या खालच्या खणात ठेवली आहे आणि रोज न चुकता मला कुलूप लावतात.